करवंदी खिंडीतला दगड

राजे भानजीरावांची अट ऐकायला साधी होती. करवंदी खिंडीत त्यांच्या आजोबांच्या नावाचा दगड उभा करायचा. त्यावर एक अक्षर खोटं नको, आणि आजोबांना कमीपणा येईल असंही एक अक्षर नको.

राजांना दगडांचा भारी नाद. संस्थानात जिथे लढाई झाली, जिथे कुणी तळं खोदलं, तिथे तिथे त्यांनी माहिती कोरलेले दगड बसवले होते. मजकुरात खोटं सापडलं तर दगड फोडायचा आणि पाथरवटाची हत्यारं जप्त करायची, हा हुकूमही त्यांचाच. आता पाळी घरच्या दगडाची आली होती.

अडचण एवढीच, की साठ वर्षांपूर्वी खिंडीत काय झालं ते सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. शत्रू चालून आला तेव्हा थोरले महाराज रायाजीराव त्याला अडवायला खिंडीत गेले, समोरची फौज बघितली, घोडी वळवली आणि थेट गड गाठला. खिंड अडवली ती धुळा धनगराने, अकरा माणसांच्या बळावर. तो तिथेच पडला. गावाने त्याचा वीरगळ उभा केला. ढाल-तलवार घेतलेला धुळा आणि पायाशी त्याची मेंढरं, असं त्या दगडावर कोरलेलं होतं. गावातली नवी नवरी आजही आधी तिथे पाया पडून मग उंबरा ओलांडत असे.

पहिल्या पाथरवटाने लिहिलं, "येथे रायाजीराव शौर्याने लढले." तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला बिरू धनगर अजून जिवंत होता. चारचौघांत मजकूर वाचला गेला तेव्हा म्हातारा इतका हसला, की त्याला खोकल्याची उबळ आली. दगड फुटला, हत्यारं गेली. दुसऱ्याने घाबरून नुसतं नाव आणि साल कोरलं. राजे म्हणाले, हा दगड आहे की पत्रिका? त्याचीही हत्यारं गेली.

मग राजांचा कारभारी तिसऱ्या पाथरवटाच्या, निंगाप्पाच्या, दारात आला. मुदत आठ दिवसांची, आणि सोबत राजांचा नवा हट्ट: आमच्या आजोबांचा दगड उभा राहत नसेल, तर धुळाचाही तिथे राहणार नाही. उपटून नदीत टाकू.

निंगाप्पाने दोन दिवस छिन्नीला हात लावला नाही. त्याची लेक गोजरा दगडावर गेरूने अक्षरं काढून द्यायची आणि तो ती कोरायचा. अख्ख्या गावात तिच्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. बाप जेवेना, तेव्हा ती उठली आणि माळावर बिरू धनगराच्या मेंढरांच्या वाड्याकडे गेली.

थोरले महाराज पळाले का, हे तिने विचारलंच नाही. घोडी कशी होती, शत्रूचे स्वार किती लांब होते, महाराजांना कुठे लागलं का, असं एकेक ती विचारत गेली. म्हातारा खुलला. पांढरी घोडी, वाऱ्यासारखी. मागून चाळीस स्वार सुटले, पण एकाचाही हात पोचला नाही. गडावर उतरले तेव्हा अंगरख्याचा एक बंदही तुटला नव्हता. गोजरा हसत घरी आली आणि बापाला म्हणाली, "अण्णा, भाकरी खा. मजकूर मिळाला."

आठव्या दिवशी खिंडीत माणूस मावेना. धुळाच्या वीरगळाशेजारी नवा दगड उभा होता. कारभाऱ्याने खड्या आवाजात वाचलं:

"या खिंडीत श्रीमंत रायाजीराव शत्रूच्या सर्व स्वारांच्या पुढे होते. शत्रूने शर्थ केली, तरी त्यांस गाठणे कोणास साधले नाही. अंगास ओरखडाही न लागता ते गडावर पोहोचले. त्या दिवशी खिंड धुळा धनगराने राखली."

राजांची छाती फुगली. त्यांनी बिरूला पुढे बोलावलं आणि यात काही खोटं आहे का ते विचारलं. म्हाताऱ्याने मजकूर पुन्हा एकदा वाचून घेतला. हळूहळू त्याच्या मिशा थरथरायला लागल्या.

"अक्षर न् अक्षर खरं हाय, महाराज," तो म्हणाला. "म्या सोता बघितलंय. थोरलं महाराज लई पुढं हुते. लईच पुढं."

लोकांत खसखस पिकली. राजांनी दगडाकडे बघितलं, मग बिरूकडे, मग पुन्हा दगडाकडे. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मजकूर कुणाचा, असं त्यांनी विचारलं. गोजरा पदर सावरून पुढे झाली.

"आजोबा शत्रूच्या पुढे होते," राजे सावकाश म्हणाले. "पण त्यांचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

गोजराने हात जोडले.

"महाराज, दगड लहान पडला. तोंड कुठं होतं ते कोरायला जागाच उरली नाही जी."

राजांच्या पोटातून हसू उसळलं, ते काही केल्या थांबेना. हसता हसता त्यांनी धुळाच्याच वीरगळाला हात टेकला. त्यांच्यामागून सगळी खिंड हसली. हसू ओसरल्यावर राजांनी हातातलं सोन्याचं कडं उतरवून गोजराला दिलं. यापुढे संस्थानातल्या प्रत्येक दगडाचा मजकूर हीच लिहील असं जाहीर केलं, दोन्ही पाथरवटांची हत्यारं परत देवविली, आणि वीरगळाला कुणी बोटही लावायचं नाही अशी ताकीद दिली.

घोड्यावर बसता बसता ते कारभाऱ्याकडे वळले.

"आणि ऐका, कारभारी. याहून मोठा दगड या खिंडीत कुणी आणायचा नाही!"