महिपतीचं पेडल

फार फार वर्षांपूर्वी, सांबरखिंडीतून अजून एसटीही जात नव्हती तेव्हा, खिंडीच्या पायथ्याच्या कोळवडीत महिपती पांचाळ नावाचा लोहार राहायचा. त्याला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. जेवता जेवता उठायचा आणि ऐरणीपाशी जायचा, असं म्हणतात.

त्याची बायको अनसाबाई डाव्या पायाने अधू. तो पाय आखूड. खिंड चढणं तिला जमत नसे, म्हणून तिचं माहेर तुटलं होतं. महिपतीने भंगारातल्या जीपचा सांगाडा आणला, त्यावर पंपाचं इंजिन बसवलं आणि गाडी उभी केली. पण अनसाबाई म्हणाली, मला नुसतं बसून जायचं नाही, चालवत जायचंय.

आणि तिथे घोडं अडलं ते क्लचपाशी. तिचा पाय पुरता पोचेना, क्लचची प्लेट इंजिनापासून सुटेना, गिअर खरखरायचे. त्याने पेडलवर लाकडी ठोकळा बसवला, तर पाय त्यावरून पुरता उचलेना आणि प्लेट जळू लागली. पेडलची चाल कमी केली, तर ते दगडासारखं जड झालं. महिपती वेडापिसा झाला. दांडा कापायचा, जोडायचा, नवी भोकं पाडायचा.

शेवटी अनसाबाई म्हणाली, "अहो, तुम्ही हाताने दाबून बघता. हाताला कळतं ते माझ्या पायाला कसं कळेल? मी बसते. मी म्हणेन तिथे थांबा."

ती दाबत गेली, तो गाडीखाली आडवा पडून नट फिरवत गेला. वर थोडी ढील, मग प्लेट सुटणार, आणि खाली आणखी जराशी जागा. "थांबा," ती म्हणाली. त्या दिवशी तो पहिल्यांदा पोटभर जेवला, असं म्हणतात.

त्याच भाद्रपदात गावातली गिरजा अडली. मूल आडवं होतं आणि दवाखाना खिंडीपलीकडे. महिपतीचा उजवा हात भट्टीत भाजलेला, म्हणून दोघांना बसवून गाडी अनसाबाईने घेतली. ऐन चढावर दरड आडवी आली. ब्रेक धरेना, मागे दरी. महिपती उडी टाकून एका हाताने धोंडे लोटू लागला. अनसाबाईने क्लच अर्ध्यावर धरला, रेस दिली. गाडी ना पुढे, ना मागे. वाऱ्यावर घार ठरते तशी ती ठरली, असं म्हणतात. प्लेटचा धूर सुटला. तिचा पाय हलला नाही.

वाट मोकळी झाली. महिपती मागच्या फळीला लोंबकळला. माथ्यावर प्लेट संपली, आणि पलीकडच्या सौम्य उतारावरून गाडी नुसती घरंगळत दवाखान्याच्या दारात जाऊन थांबली. मुलगी झाली. महिपती मात्र दारातच बसून होता. त्याला नवी प्लेट कुठे मिळेल ते शोधायची घाई लागली होती.

आता खिंडीत डांबरी रस्ता आहे. तरी कोळवडीचा कुठलाही ट्रॅक्टर, टेम्पो चढाला लागण्याआधी फाट्यावर थांबतो आणि ड्रायव्हर हाक देतो, "महिपतीच्या नावानं, चालवत नाही कोणाला?" म्हातारं, लंगडं, पोटुशी, जे कोणी असेल ते चढतं. कोणी नसलं तरी ड्रायव्हरशेजारची जागा त्याच्या नावानं माथ्यापर्यंत रिकामी ठेवतात.