मंगळावरचा स्वयंभू देव

मंगळावर उतरलेल्या यंत्राने एका गुळगुळीत काळ्या दगडाचा फोटो पाठवला आणि आमच्या गावात जो तो शास्त्रज्ञ झाला. कोणी म्हणाले यानाचा तुकडा, कोणी म्हणाले राक्षसाचा दात. सरपंच दादासाहेब वाघचौरे मात्र छातीठोकपणे म्हणाले, "ही स्वयंभू पिंड आहे!"

एवढ्यावर थांबते, तर हसून सोडून दिले असते. पण त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि बालवाडीची खोली पाडून तिथे मंगळेश्वराचे देऊळ बांधायचे जाहीर केले. पोरे कुठे बसणार, याबद्दल एक शब्द नाही. देवळाच्या आडून दुकानाचे गाळे निघणार, हे सगळ्यांना कळत होते. तरी देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार?

बालवाडीच्या सुलभाताई ताडकन उठल्या. "दादासाहेब, पिंड स्वयंभूच ना? नक्की?"

"देवावर शंका घेता?"

"छे हो! मग आपला भैरोबाही स्वयंभूच, तो डोंगरावरून खाली का नाही आणला? म्हाताऱ्यांचे गुडघे तरी वाचले असते."

"स्वयंभू देव हलवत नसतात, बाई! जिथे प्रकटला तिथेच देऊळ. एवढंही ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते, हा प्रकटलाय मंगळावर. माझ्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर कशाला काढता? तिथे जाऊन बांधा देऊळ!"

दादासाहेबांनी आधारासाठी केरबा गुरवाकडे पाहिले.

"ताईंचं बरोबर आहे," गुरव म्हणाला. "फक्त नारळ इथूनच न्या, सरपंच. तिकडे मिळायचा नाही."