सुगंधाने ठेवलेला नकाशा

समुद्रकाठच्या एका गावात एकदा एका वृद्ध शिक्षकाकडे सुगंधा नावाची मुलगी संगणक शिकली आणि तिथल्याच मच्छीमार सोसायटीत नोकरीला लागली. होड्या निघण्यापूर्वी इंटरनेटवर हवामानाचे पान उघडायचे आणि वाऱ्याची खबर कर्ण्यावरून सांगायची, हे तिचे मुख्य काम.

पण पुढे पुढे ते पान उघडता उघडेना. पडद्यावर चक्र फिरत राही, कुठल्या तरी जाहिरातीची खिडकी मध्येच उघडे, आणि ताटकळलेले तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, “आभाळ बघूनच ठरवतो” म्हणत होड्या लोटत. असेच निघालेले दोघे भाऊ एकदा वादळात सापडले. फुटलेली होडी समुद्रातच सोडून ते दुसऱ्याच्या होडीतून जिवानिशी परतले. त्यांच्याकडे मान वर करून बघणेही सुगंधाला जड गेले.

सोसायटीच्या अध्यक्षांनी शहरातला एक व्यापारी बोलावला. तो संगणकावर टिचकी मारून म्हणाला, “म्हातारं झालंय हे. नवं घ्या, नाहीतर खबरीचा नाद सोडा.” अध्यक्षांनी मान डोलावली.

“संगणक धड आहे. मी मास्तरांना आणते, मग ठरवा,” सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. सोसायटीत गर्दी जमली होती, व्यापारीही होता. मास्तरांनी ब्राउझरची सेटिंग्ज उघडली. कुणी कधी घातली हे कुणालाच ठाऊक नसलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले जादा प्रोग्राम, बंद केली. साइटवरून येणाऱ्या सूचना बंद केल्या, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ थांबवले, आणि शेवटी सगळी चित्रेही बंद केली. मग त्यांनी हवामानाचे पान उघडले. ते तत्काळ आले, नुसत्या अक्षरांचे. सुगंधाचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मास्तरांनी एक विचित्र गोष्ट केली. बदललेले सगळे त्यांनी पुन्हा होते तसे करून ठेवले आणि ते खुर्चीवरून उठले.

व्यापारी मोठ्याने हसला. सुगंधा मात्र संतापली. “मास्तर, होड्या खोळंबल्यात! चाललेलं मोडलंत कशाला?”

“या ब्राउझरमध्ये काय चालू असावं, हे आजवर परक्यांनी ठरवलं,” मास्तर शांतपणे म्हणाले. “तू ते निमूट सोसलंस, कारण ते आधीपासून तसं होतं. आता मी ठरवलेलंही तसंच सोसशील, कारण मी मास्तर आहे. धनी बदलेल, ताबेदारी तीच राहील. पान तू मागवतेस. त्याच्यासोबत काय आत येऊ द्यायचं, हे तूच ठरव.”

सुगंधा खुर्चीत बसली. तिने एक्स्टेन्शन्स काढली, सूचना बंद केल्या, व्हिडिओ थांबवले. चित्रांपाशी ती क्षणभर थबकली. मग बाकी सगळीकडची चित्रे बंद करून तिने हवामानाच्या साइटवरची तेवढी चालू ठेवली.

“पान जड होईल,” मास्तर म्हणाले.

“होऊ दे,” ती मागे न वळता म्हणाली. “वारा कुठवर पसरलाय ते नकाशावर दिसतं. नुसत्या अक्षरांवर मी कुणाला समुद्रात धाडणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही!”

पान मास्तरांच्या वेळेपेक्षा किंचित उशिरा आले, पण नकाशा घेऊन आले. उत्तरेकडे जोरदार वाऱ्याचा गडद जांभळा पट्टा पसरला होता. सुगंधाने कर्णा सुरू केला. “आज उत्तरेला कुणी जायचं नाही. दक्षिणेला समुद्र शांत आहे. ज्याला खात्री करायची त्याने आत येऊन बघावं!”

तांडेल आत आले आणि पडद्याभोवती दाटीवाटीने उभे राहिले. वादळातून वाचलेले दोघे भाऊ सर्वांत पुढे होते. अध्यक्षांनी व्यापाऱ्याला हात जोडून दरवाजापर्यंत पोचवले.

गर्दी पांगू लागली तेव्हा सुगंधा ओशाळून म्हणाली, “मास्तर, सगळ्यांसमोर तुमचा शब्द डावलला मी.”

“डावलायलाच हवा होता,” मास्तर म्हणाले. “होडीत बसणाऱ्याला काय लागतं, ते मला कुठे सुचलं?” मग त्यांनी चष्मा पुसला, आणि एका तांडेलाच्या खांद्यावरून मान उंचावून ते नकाशा बघू लागले.