गेनू आणि आरशांची ऊब

पाचगणीच्या अलीकडं, सकाळभर धुक्यात बुडालेल्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा पिकअपवाला होता. सांगितलेलं तंतोतंत करायचा. त्यामुळं गावातली मोठी माणसं त्याच्यावर फार खूश असत.

शर्वरीनं शेतकी कॉलेज संपवून पहिल्यांदाच स्ट्रॉबेरी लावली होती. वाईचा जॅम कारखाना आठवडाभर माल बघणार होता. नीट आणि वेळेवर आला तर हंगामभर घेणार, नाहीतर नाही. पिकअप तिच्या चुलत्यांची, म्हणजे अण्णांची. चालवणार गेनू.

पिकअपचे बाजूचे आरसे तापायचे. बटण दाबलं की काचेवरचं धुकं जायचं. पण थोड्या वेळानं ऊब आपोआप बंद.

"अण्णा, आरसे लगेच गार पडतात."

"बटण परत दाबलं की..." शर्वरी म्हणाली.

"मोठी माणसं बोलताना मधे पडू नये," अण्णा म्हणाले. "गेनू, ऊब टिकवायची तर वर पांघरूण घालावं. एवढं कळत नाही?"

गेनूनं दोन्ही आरशांना गोधडी गुंडाळली, वर सुतळी बांधली. आरसे मस्त उबदार राहिले. मागून आलेली एसटी तेवढी दिसली नाही. मागचा दिवा फुटला.

"अरे, झाकायचं कशाला?" अण्णा म्हणाले. "जे कामाचं, ते उघडं ठेवावं."

दुसऱ्या दिवशी गेनूनं आरसे उघडे ठेवले. स्ट्रॉबेरी तर सगळ्यात कामाची, म्हणून ताडपत्रीही काढली. घाटातल्या माकडांची न्याहारी झाली. निम्मे क्रेट रिकामेच पोचले.

"काठी ठेव जवळ," अण्णा म्हणाले. "क्रेटमध्ये हात घालील त्याला हाणायची."

तिसऱ्या दिवशी माकडं फिरकलीच नाहीत. कारखान्याच्या दारात माल तपासणाऱ्या साहेबांनी मात्र क्रेटमध्ये हात घातला.

हाताला पट्टी बांधून साहेबांनी फोन केला. उद्या दुपारच्या आत माल आला तर ठीक. नाहीतर तुमचं आमचं संपलं.

"अण्णा, उद्या गाडी मी नेते," शर्वरी म्हणाली. "मला लायसन आहे."

"आणि आम्ही काय बांगड्या भरल्यात? गेनू, काठी टाक. आरशांचा नादच सोड. समोरच्या काचेवर गरम वारं सारखं चालू असतं. तिच्यातनं बघायचं आणि गाडी हाकायची."

गेनू निघाला. घाटाच्या तोंडाशी मागून हॉर्न वाजला. मागं कोण आहे, ते बघायला हवं होतं. आरशांचा नाद तर सोडलेला. समोरच्या काचेतनं मागचं दिसायचं कसं? गेनूनं डोकं चालवलं. गाडी वळवून उलट्या तोंडाची केली. मागचं सगळं समोर आलं, अगदी लख्ख. मग सांगितल्याप्रमाणं काचेतनं बघत त्यानं गाडी हाकली.

दुपार टळली तेव्हा पिकअप अण्णांच्या अंगणात उभी राहिली. क्रेट सगळे भरलेले. शर्वरीच्या कानाला फोन होता आणि पलीकडून साहेब बोलत होते. ती ऐकत होती आणि अण्णांकडं बघत होती.

"माल कुठं पोचवलास रे?" अण्णांनी विचारलं.

"पोचवायचाय अजून," गेनू म्हणाला. "पण अण्णा, तुमची काच म्हणजे काच. मागचं इतकं दिसलं, इतकं दिसलं, की पार तुम्ही दिसलात."