निमठाण्याच्या कबरस्तानाबाहेरची कबर

शके १८०६, वैशाख वद्य. विहिरींनी तळ दाखवला होता. निमठाणे शहराच्या पूर्वेला पलटणीचे जुने कबरस्तान आहे. त्याच्या दाराबाहेर उजव्या हाताला जी एकटी कबर दिसते, तिची गोष्ट त्या उन्हाळ्यातली. ती कोणा गुन्हेगाराची असेल असे नव्या माणसाला वाटते. तसे नाही. ती हैबतनाक हवालदाराची आहे.

आत पडले आहेत ते महार कंपनीचे पेन्शनर; त्यांच्यात पुरण्याची चाल. नाव हजेरीपटात असेल त्यालाच तिथे जागा मिळे, आणि ती जिवंतपणीच नेमून दिलेली असे. हवालदाराची चौदावी, चिंचेच्या सावलीतली. तिचा त्याला अभिमान होता. बायकोला तो ती दोनदा दाखवून आला होता म्हणे.

त्या उन्हाळ्याच्या आधी पंचवीस वर्षे ही कंपनी सरहद्दीवरच्या एका गढीत अडकली होती. पाणी खाली झऱ्यावर, आणि झऱ्यावर शत्रूच्या बंदुका. पलटणीला पाणी पुरवणारा पखाली सटवा पाठीवर कातडी पखाल घेऊन दोन दिवसांत सात वेळा खाली उतरला. महारांना पाणी द्यायचे ते वरून, ओंजळीत, हा रिवाज. पण हवालदाराचे दोन्ही हात गोळ्यांनी निकामी झाले होते. ओंजळ धरणार कशाची? सटव्याने पखालीचे तोंड सरळ त्याच्या ओठांना लावले. मग बाकीच्या जखमींच्याही लावले.

कंपनी जगली. सटवा घरी आला तेव्हा त्याच्या जातीने त्याला वाळीत टाकले. बायको माहेरी गेली ती परतली नाही. कोणी त्याच्या हातचे पाणी घेईना. शहराबाहेर तो झोपडी बांधून राहिला. हवालदार दर आठवड्याला भाकरी घेऊन जाई, दोघे बसत, गढीचा विषय कोणी काढत नसे.

त्या वैशाखात सटवा अंथरुणाला खिळला. हवालदाराने त्याच्या जातीच्या पंचांकडे जाऊन विनवले. पंच म्हणाले, खांदा देणार नाही, सरणही नाही.

सटव्याला ते कळलेच. तो हसला असे सांगतात. म्हणाला, "हवालदार, जाळणारे माझे उरले नाहीत, अन् पुरणारे माझे नव्हेत. कोल्ह्यांना तरी सांगून ठेवा, म्हातारं चिवट आहे म्हणावं."

"गप पड," हवालदार म्हणाला. "पुरणारे तुझेच आहेत."

तिथून तो उठला तो थेट छावणीच्या कारकुनाकडे गेला. कारकुनाने हजेरीपट उघडून दाखवला. बंदूक धरली त्यांची नावे होती. पाणी वाहिले त्याचे नव्हते.

"पखाल्याला जागा नाही," कारकून म्हणाला.

"माझी आहे ना?"

"आहे. चौदावी."

"ती त्याला दिली. लिहा."

"आणि हवालदार, तुम्ही कुठे जाल?"

"दाराशी. पहाऱ्याची सवय आहे मला."

कारकुनाने टाक दौतीत बुडवला. मग लिहिले.

तिसऱ्या दिवशी सटवा गेला. अकरा पेन्शनर जुने लाल डगले घालून झोपडीशी आले. कोणाचा डगला पोटावर बसत नव्हता, कोणाची बटणे गेली होती. त्यांनी त्याला खांदा दिला आणि भर बाजारातून नेले. दुकानदारांनी तोंडे फिरवली. पेन्शनरांनी पाऊल चुकवले नाही. चिंचेखाली खड्डा तयार होता. हवालदाराचे हात वर होत नसत, म्हणून त्याने गुडघे टेकून कोपराने माती लोटली.

पुढे नऊ वर्षांनी हवालदार गेला. आत दोन जागा मोकळ्या होत्या. मुलांनी त्याला दाराबाहेरच ठेवले, तसा त्याचा हुकूम होता.

आजही शिपाई बाहेर आहे आणि पखाली आत, सावलीत. पाण्याचे ऋण फिटले.