पाटलांच्या घरची तेलाची वाटी

ओढ्याकाठच्या कवठी गावात भुजंगनाथ महाराजांचा मठ होता. महाराज मोठे दयाळू, पण तेच तेच सांगून तेही वैतागत. वैतागणार नाहीत तर काय! कवठीकरांना चांगले सांगितलेले एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडण्याची खोडच होती.

लिंबाजी कुंभार मात्र महाराजांचा शब्द झेलणारा. त्याच्या येसूला सातवा महिना लागला होता. कंबर धरायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, बिचारीच्या डोळ्याला डोळा लागत नसे. महाराज म्हणाले, "तिला डाव्या कुशीवर निजव. कोमट तेलाने पाठ, कंबर, पोटऱ्या हलक्या हाताने चोळ. पोटाला हात लावू नको. ती नको म्हणाली की थांब. आणि एकच पाय सुजला, गरम लागला, तर मुळीच चोळू नको. सरळ दवाखाना गाठ." लिंबाजी रोज चाक थांबवून तसे करू लागला आणि येसूला गाढ झोप लागू लागली.

झाले! गावाला तेही बघवेना. हैबतराव पाटील पारावर सर्वांसमोर म्हणाले, "काय रे लिंब्या, बायकोचे पाय चेपतोस? उद्या लुगडं नेसशील!" सगळे फिदीफिदी हसले. बायकोने भरल्या दिवसांत पाणी वाहिले तर यांना काही वाटत नाही, तिचे पाय चेपले की मात्र यांची अब्रू जाते. काय म्हणावे या माणसांना!

त्याच सुमारास पाटलांची लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एके सकाळी तिचा डावा पाय टम्म फुगला, तापला. पाटील ओसरीवरून पत्नीला ओरडले, "कुंभारासारखं गोंजारू नका! जोर लावून रगडा, मोकळा होईल."

लिंबाजी माठ द्यायला आला होता. तो कळवळून म्हणाला, "पाटील, पाया पडतो, तो पाय चोळू नका. पोर जाईल! महाराजांनी सांगितलंय."

"तू मला शिकवतोस? चालता हो!"

लिंबाजीने डोळे मिटले. "महाराज, धावा! माझं कोण ऐकतंय!"

पाटलीणबाईंनी तेलाची वाटी कलती केली. तेल पडेना. पाटलांनी ती हिसकावून पार उपडी केली. वाटी काठोकाठ भरलेली, पण थेंब खाली येईना! आणि मठात बसलेल्या महाराजांचा आवाज त्या घरात घुमला, "अरे, किती वेळा सांगू? गाडी जुंप!"

पाटलांनी स्वतः बैल जुंपले. गाडी तालुक्याला धावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिरेत रक्ताची गाठ आहे. रगडला असता तर गाठ सुटून छातीत गेली असती. मायलेकरं दोन्ही गेली असती." औषधोपचार झाले आणि महिन्याभराने मंजुळा सुखरूप बाळंत झाली.

पाटील मठात धावले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं काय लोळतोस? ज्याला हसलास त्याच्याकडे जा."

लिंबाजी अंगणात येसूच्या पोटऱ्या चोळत होता. पाटलांनी मागोमाग आलेल्या गावकऱ्यांदेखत त्याच्यापुढे डोके टेकले.

"उठा पाटील," लिंबाजी ओशाळून म्हणाला, "माझे हात गुंतलेत. तेवढं तेल ओता."

पाटलांनी वाटी कलती केली. तेलाची धार लिंबाजीच्या ओंजळीत पडली.