‘मोरपीस’ बंद करण्याचं फर्मान

“गुढीपाडव्यापासून जुन्या कॉम्प्युटरवरचं ‘मोरपीस’ बंद!”

कंपनीचे मालक असलेल्या महाराजांनी फर्मान सोडलं आणि कालिंदी धनवडेचं धाबं दणाणलं. ‘मोरपीस’ म्हणजे त्यांच्या कंपनीचा मराठी अक्षरांचा प्रोग्राम. कुमठगडच्या आसपासच्या छापखान्यांतल्या लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, जत्रेची हँडबिलं, सगळं ‘मोरपिसा’वर चालायचं. त्यातले निम्मे छापखाने अजून जुन्याच कॉम्प्युटरवर होते आणि त्यांचे फोन घ्यायचं काम कालिंदीचं. तिला कॉम्प्युटरमधलं फार कळत होतं अशातला भाग नाही. ती स्वतःच सांगायची, “मला दोनच गोष्टी येतात. बंद करा म्हणणं आणि चालू करा म्हणणं! बाकी सगळा त्या मशीनचा चांगुलपणा.”

जुनं ‘मोरपीस’ गेलं की कालिंदीही गेली, हे सांगायला ज्योतिषी नको होता!

तेवढ्यात छापखान्याचे तातोबा बुगडे फोनवर आलेच. “ताई, जावयाच्या नव्या कॉम्प्युटरवर पत्रिका उघडून बघितली. ‘चि. सौ. कां. ऋतुजा’च्या जागी नुसते चौकोन! नवरीच्या बापाच्या हातात चौकोन देऊ का? आणि माझं छपाईचं यंत्र तर नव्या कॉम्प्युटरला ओळखच देत नाही. यंत्र बदलायचं तर छापखानाच विकावा लागेल!”

कालिंदी तडक महाराजांच्या केबिनमध्ये गेली. तिथे मुख्य इंजिनिअर सौमित्र बसलाच होता.

“महाराज, जुन्या लोकांना नवीन काही नको,” ती म्हणाली. “पडलं तर उचलायचं, अडलं तर सोडवायचं, एवढंच.”

“म्हणे एवढंच!” सौमित्र उसळला. “जुन्या मशीनमध्ये व्हायरस शिरतात. ते निस्तरायला आमचा माणूस अडकतो आणि नवं काम खोळंबतं.”

“याचं खोटं नाही,” महाराज म्हणाले. ते हट्टी होते, पण खेळ त्यांना फार आवडायचा. मिशीवरून बोट फिरवत ते म्हणाले, “ठीक! तुला एक संधी देतो. मला अशी एक जुनी गोष्ट दाखव, जी वरून रीतसर बंद झालीय. जिच्या जागी नवं आलंय. जिच्यापासून कोणाला दमडीचा फायदा नाही. आणि तरीही शहाणीसुरती माणसं ती आनंदानं चालू ठेवतात! दाखवलीस तर जुनं ‘मोरपीस’ चालू. नाही तर पाडव्याला तुझीही सुट्टी. सोमवारी सगळ्यांसमोर!”

रविवारभर कालिंदीनं घर उलथंपालथं केलं. माळ्यावर एक पितळी स्टो सापडला, एक रेडिओ सापडला आणि स्वतःचं दहावीचं प्रगतिपुस्तक सापडलं. ते वाचून तिनं घाईघाईनं परत ठेवलं. बंद पडलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण आनंदानं चालू ठेवलेली एकही नव्हती!

सोमवारी सगळं ऑफिस हॉलमध्ये जमलं. कालिंदीची कड घेऊन एकानं ग्रामोफोन आणला.

“बाद!” महाराज गरजले. “याला आता शौकीन लोक दामदुप्पट मोजतात. म्हणजे फायदा आलाच!”

दुसऱ्यानं खिडकीतून आपली जुनी स्कूटर दाखवली.

“बाद! तिच्यावर बसून तू रोज ऑफिसला येतोस ना? उपयोग आहे तिचा!”

सौमित्र गालात हसला. कालिंदीचे हात रिकामेच होते. सकाळी फाटकातून महाराजांच्या मागोमाग आत येताना तिला काहीतरी सुचलं होतं खरं. पण ते बोलायचं म्हणजे पाडव्यापर्यंतसुद्धा थांबावं लागणार नाही, हेही तिला कळत होतं.

“काय आणलंस?” महाराजांनी विचारलं.

“आणलं काहीच नाही, महाराज. ती गोष्ट इथंच आहे. फक्त बोट दाखवायची भीती वाटते.”

“अभय दिलं! बोल.”

“आज फाटकापाशी आपण गाडीतून उतरलात, तेव्हा केळीवाल्यानं काय केलं?”

“मुजरा केला. रोजच करतो.”

“त्याला त्याचं काय मिळतं?”

“काही नाही! मी केळीसुद्धा घेत नाही. डॉक्टरांनी गोड बंद केलंय.”

“गावाचा कारभार कोण बघतं?”

“नगरपालिका. वर कलेक्टर.”

“आणि कुमठगड संस्थान?”

“ते आजोबांच्या वेळीच विलीन झालं. दिल्लीनं रीतसर बंद…”

महाराज अडखळले. कालिंदीनं डोळे मिटून घेतले आणि एका दमात बोलून टाकलं,

“वरून रीतसर बंद झालेलं, जागी नवं आलेलं, कोणाला दमडीचा फायदा नाही! तरी सगळं गाव आपल्याला आनंदानं ‘महाराज’ म्हणतं. आता आपणच सांगा, गावानं हे जुनं व्हर्जन चालू ठेवायचं, की पाडव्यापासून बंद करायचं?”

सौमित्रच्या हातातला चहा बशीत सांडला. महाराजांची मिशी थरथरली आणि मग असा गडगडाट झाला की खिडकीतली कबुतरं उडाली. महाराज पोट धरून हसत होते!

“बाद म्हणायला जागाच ठेवली नाहीस!” डोळे पुसत ते म्हणाले. “अरे, माझ्यासारखा जुनाट माल अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही आणि मी निघालो तातोबाला बंद करायला! सौमित्र, जुनं ‘मोरपीस’ चालू राहील. व्हायरस निस्तरायला एक माणूस कालिंदीच्या हाताखाली दे. आणि पोरी, तुझा पगार आजपासून दीडपट! आणखी काय हवं ते माग.”

कालिंदीनं जरा मान खाजवली.

“राग येणार नसेल तर एक मागू? माझ्या टेबलावर नवा कॉम्प्युटर द्या, महाराज. त्या जुन्यावर काम करून जीव गेला माझा!”